पत्र्याखालची रिकामी जागा

गाडी न्यायला माणसं आली तेव्हा राजेश्वरीचे हात बाजरीच्या पिठात होते. राहुरीच्या पुढे कालव्याच्या कडेला तिच्या सासऱ्यांची, सहादेवरावांची, वस्ती. गाईंच्या धारा झाल्या होत्या, सासरे ओट्यावर तंबाखू मळत बसले होते, चुलीवर भाकरी फुगायला लागली होती. रोजच्यासारखीच सकाळ. बाहेर जीप थांबली आणि कुणीतरी विचारलं, "अंगद कोन हाय?"

आवाजात भांडण नव्हतं, म्हणूनच ती हातातलं पीठ तसंच टाकून उठली. ती दारात आली. दोघं जण उतरले होते. एकाच्या हातात कर्जाचे कागद होते, दुसरा पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीभोवती फिरून पाहत होता.

"दोन दिवस थांबा ना साहेब," तिचा नवरा अंगद म्हणाला.

"दादा, पावसाळ्यापासून तुमी हेच म्हनताय. आमची पन नोकरी हाय. चावी द्या."

सासूबाई, छबूबाई, गोठ्याकडून धावत आल्या आणि गाडीच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. "हात लावू नका! माझ्या लेकाच्या लग्नातली गाडी हाय ती. सासऱ्यानी दिलीया!"

कागदवाला माणूस वयाने मोठा होता. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, सासऱ्यानी दिली असती तर आमी कशाला आलो असतो?"

अंगदने गाडीतली छत्री, पाण्याची बाटली आणि काचेजवळचा छोटा गणपती काढून घेतला. गणपती हातात धरून तो तसाच उभा राहिला. शेजारच्या वस्तीवरची माणसं बांधावर येऊन बघत होती. सहादेवराव केव्हाच उठून गोठ्यात गेले होते. गाडी मागे सरकली, वळली, कालव्याच्या रस्त्याला लागली आणि उसाच्या आड दिसेनाशी झाली.

चुलीवरची भाकरी करपली. तिचा वास घरभर पसरला तरी राजेश्वरी दारातून हलली नाही. तिला एकदम हलकं वाटलं होतं, आणि त्या हलकेपणाचीच तिला भीती वाटली.

ती गाडी दारात कशी आली, ते सांगायला हवं.

राजेश्वरीचं माहेर तिसगावच्या बाजूला, माळरानावरचं. वडील आसाराम आणि आई दगडाबाई यांनी उमेदीची सगळी वर्षं ऊसतोडीत घालवली होती. दिवाळी झाली की बिऱ्हाड बांधायचं आणि पाडव्याच्या आसपास परतायचं. आसारामच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा दोघांनी ठरवलं, आता बास. चार शेळ्या, थोडी बाजरी आणि दोन लेकी एवढ्यावर भागवू. मोठीला त्यांनी बारावीपर्यंत शिकवलं आणि राहुरीकडचं बागायती स्थळ चालून आलं.

बैठकीत सहादेवरावांनी हुंडा मागितला नाही. "आमी हुंडा घेत न्हाई," हे ते दोनदा म्हणाले. फक्त मुलगा बी-बियाणांच्या दुकानात कामाला आहे, फिरावं लागतं, तेव्हा दारात चारचाकी असली तर लेकीलाच सुख, एवढंच. कर्ज अंगदच्या नावावर काढायचं आणि हप्ते आसारामने भरायचे, असं ठरलं. आसाराम "दिऊ" म्हणाला. दगडाबाई आत चहा गाळत होती. तिला कुणी विचारलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला आईने फोनवर सांगितलं, "आमी जरा पुन्याकडं चाललोय गं. वळखीच्या मानसाकडं वॉचमनचं काम हाय." राजेश्वरीने ते खरं मानलं. खरं मानणं सोपं होतं.

मग तो दिवस आला. कोल्हारला अंगदच्या आत्तेबहिणीकडे बारसं होतं. सगळे गाडीतून निघाले. पुढे अंगद आणि राजेश्वरी, मागे सासू-सासरे. नगर-मनमाड रस्त्याचं काम चालू होतं, एकच बाजू सुरू होती आणि पुढे उसाने लादलेली बैलगाडी. अंगदने हॉर्न वाजवला. गाडीवान बैलांच्या शेजारून लंगडत चालत होता, त्याने मागे पाहिलं नाही. अंगदने हॉर्नवरचा हात उचललाच नाही.

"कोयत्याची मानसं ही," मागून छबूबाई म्हणाल्या. "ह्यांना रस्ता म्हंजी बापाचा वाटतो."

उसाच्या मोळ्यांवर एक बाई बसली होती. अंगावर मोरपंखी लुगडं, फाटकी चप्पल लोंबकळणारी. हॉर्नला कावून तिने खाली बघितलं. तिची आणि राजेश्वरीची नजरानजर झाली. एक क्षणभर त्या बाईचा चेहरा फुलल्यासारखा झाला, लेक दिसल्यावर फुलतो तसा. मग तिने मागच्या शिटावरची माणसं पाहिली आणि झटकन पदर ओढून सगळं तोंड झाकून घेतलं.

ते मोरपंखी लुगडं लग्नात राजेश्वरीच्या सासरकडूनच दगडाबाईला मानाचं म्हणून दिलेलं होतं.

जागा मिळताच अंगदने गाडी पुढे काढली. राजेश्वरी "थांबा" म्हणाली नाही. ती बारशाला गेली, पाळण्याची दोरी धरली, पंगतीला बसून जेवलीसुद्धा.

त्याच हंगामात, कालव्याच्या उतारावर बैलगाडी कलंडली आणि दगडाबाई उसाच्या मोळ्यांखाली सापडली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. दहाव्याला सासरची माणसं त्याच गाडीतून आली. सोयऱ्यांनी पुन्हा कोयता धरला होता हे त्यांना तिथेच कळलं, आणि आपल्याला सांगितलं नाही म्हणून त्यांना वाईट वाटलं. राजेश्वरीने रस्त्यावरचं कुणाला सांगितलं नाही. बापालाही नाही. बापानेही विचारलं नाही.

आसारामचे हप्ते थांबले. तेवढ्यात बियाणांचं दुकान बंद पडलं आणि अंगद घरी बसला. दुधाच्या पैशातून काही भरता आलं असतं, पण सहादेवराव म्हणायचे, "हप्ता सासऱ्याचा. आपन का भरायचा?" आणि एके सकाळी ती माणसं आली.

गाडी गेल्यावर घरावर सुतकासारखी कळा आली. छबूबाई बाजाराला जाईनात. कुणी विचारलं तर "दुरुस्तीला दिलीया" म्हणत. अंगद संध्याकाळी शेडपर्यंत जायचा आणि चावीसाठी खिशात हात घालून परत फिरायचा. जमिनीवर तेलाचा काळा डाग राहिला होता, चाकांच्या खुणा होत्या.

राजेश्वरी ती जागा झाडायला गेली की तिथे आई बसलेली असायची. कोपऱ्यात, उकिडवी, तोंडावरून पदर ओढलेला. आधी ती गाडीत असायची, मागच्या शिटावर, आरशात बघितलं की दिसायची. राजेश्वरीला वाटलं होतं, गाडीबरोबर तीही जाईल. ती उतरून इथेच राहिली होती.

"आई, तोंड उघड की," राजेश्वरी हळूच म्हणायची.

पदर हलायचा नाही. मग ती त्या कोपऱ्याला वळसा घालून बाकीचं झाडून घ्यायची. छबूबाई ओरडायच्या, "तेवढाच कोपरा का ठिवतीस गं रोज?"

दिवाळीच्या आधी धाकट्या दिराचं, सुनीलचं, बघायला सुरुवात झाली. सुनील सुप्याच्या एमआयडीसीत कंपनीत होता. एक दिवस जेवताना सहादेवराव म्हणाले, "गेलेली गाडी ह्याच्या लग्नात परत यील. दारात मोकळी जागा बरी दिसत न्हाई." छबूबाईंच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. राजेश्वरीच्या हातातली पळी पातेल्यावर आपटली.

स्थळ पाथर्डी तालुक्यातलंच निघालं. मुलीचं नाव सविता, वडील गोरक्षनाथ, आई आक्काबाई. बैठकीला घरची सगळी आणि मध्यस्थ असे भाड्याच्या जीपमधून गेले. पुरुष पडवीत सतरंजीवर बसले, छबूबाई उंबऱ्याजवळ, आणि राजेश्वरीला आत बायकांत बसवलं. आक्काबाई चहा करत होती. वाळकी, चपळ बाई. बोटांवर उसाच्या पातीने कापल्याचे जुने वण.

बाहेर सहादेवरावांचा आवाज आला, "आमी हुंडा घेत न्हाई."

पुढचं वाक्य राजेश्वरीला पाठ होतं.

"फकस्त पोराला लांब जावं लागतं. चारचाकी असली म्हंजी तुमच्याच लेकीला सुख."

"दिऊ की," गोरक्षनाथ म्हणाले. "एकच लेक हाय."

साखरेचा चमचा आक्काबाईच्या हातात तसाच राहिला. ती शेजारच्या जावेला हळूच म्हणाली, "यंदा परत बिऱ्हाड बांधावं लागंल." मग परकी बाई ऐकतेय हे ध्यानात येऊन तिने पदर पुढे ओढला. तिचं अर्धं तोंड झाकलं गेलं.

राजेश्वरी उठली. ती पडवीत येऊन पुरुषांच्या पुढ्यात उभी राहिली.

"मामा, गाडी मागू नका," ती सासऱ्यांना म्हणाली.

"आत जा," सहादेवराव म्हणाले.

"ह्या घरातली बाई ऊस तोडायला जानार हाय त्या गाडीसाठी. माझी आई गेली तशी."

"गप बस!" छबूबाई उठल्या. "काय बोलतीस चार लोकांत?"

"आत्या, तुमी हुता की गाडीत. कोल्हारच्या रस्त्याला उसाची बैलगाडी आडवी आली हुती, तवा. वर बसलेली बाई माझी आई हुती. बैलापाशी चालत हुता तो माझा बाप. तुमाला दिसू नये म्हनून तिनं तोंड झाकलं. आन् मी..." तिचा आवाज चिरकला. "मी पुढं बघत बसले. आपल्या गाडीचा हप्ता फेडायला ती बसली हुती त्या उसावर, आन् आपन तिला बाजूला हो म्हनत हुतो."

अंगदने मान वर केली.

"तवाच का न्हाई बोललीस?" त्याने विचारलं.

"लाज वाटली. तुमाला माझी लाज वाटंल ह्याचं भ्या वाटलं."

पहिले बोलले ते गोरक्षनाथ, आणि रागाने बोलले. "बाई, तुमचं दुःख तुमच्यापाशी. आमची जमलेली सोयरीक का मोडताय? लेक घरात बसली तर तुमी यनार का बघायला? आमी दितोय ना!"

"कोन दितंय?"

आक्काबाई उंबऱ्यात उभी होती. तिच्या हातात अजून चहाची गाळणी होती.

"कोन दितंय म्हनते मी! ऊस मी तोडनार. मोळ्या मी उचलनार. मला कुनी इचारलं का? 'दिऊ' म्हनून मोकळं झाला तुमी." ती नवऱ्याकडे बघत होती, पण ऐकत सगळेच होते. "न्हाई द्यायची गाडी. पोरगी पटली आसंल तर न्या, न्हाई तर चहा पिऊन जावा."

चहा कुणी प्यायला नाही. सहादेवराव उठले, मध्यस्थाने पायात वहाणा घातल्या. सुनील तेवढा जागीच बसून राहिला. सगळे अंगणात गेल्यावर तो आक्काबाईला म्हणाला, "मावशी, मी बसनीच जातो कामाला. गाडी मी मागितली न्हवती." थोडा थांबून तो पुढे म्हणाला, "पन नको, असं पन म्हनलो न्हवतो."

परतताना तिसगावच्या स्टँडवर बाकीचे चहाला उतरले तेव्हा अंगद शेजारी आला आणि खाली मान घालून म्हणाला, "हॉर्न मी लई येळ वाजवला का गं?"

"व्हय," राजेश्वरी म्हणाली. त्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायची तिची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी अंगद एकटाच आसारामकडे गेला. म्हातारा धाकट्या लेकीला घेऊन तोडीवर निघायच्या तयारीत होता. शाळेतून तिचं नाव काढायचंच तेवढं राहिलं होतं. "दाजी, यंदा हंगाम केला की गाडी सोडवून आनतो," तो जावयाला हात जोडून म्हणाला. अंगदने ते जोडलेले हात धरले. "गाडी गेली, मामा. तिच्यामागं आता कुनी जायचं न्हाई." कर्जाचं जे काही उरलं होतं ते त्याने आपल्या अंगावर घेतलं आणि राहुरीत एका गोदामात हमालीला लागला. बी-बियाणांच्या दुकानातला माणूस पाठीवर पोती वाहतो म्हणून लोक हसले.

घरात सगळं गोड झालं, असं नाही. छबूबाईंनी बरेच दिवस राजेश्वरीच्या हातचं खाल्लं नाही. उन्हाळ्यात, सुनीलच्याच हट्टाने, त्याचं आणि सविताचं लग्न गाडी न घेता देवळाच्या आवारात झालं, तेव्हा सहादेवराव अक्षता टाकायलासुद्धा आले नाहीत. शेडमध्ये आता शेळ्या बांधतात. त्यांच्या पलीकडे, कोपऱ्यात, दगडाबाई अजून बसते. तिचं तोंड राजेश्वरीला एकदाही दिसलेलं नाही. दिसेल, अशी आशा तिने सोडून दिली आहे.

पण त्या भागात कुठे सोयरीक जुळायची असली की राजेश्वरी तिथे जाते. काही ठिकाणी बायका निरोप धाडतात, काही ठिकाणी ती न बोलावता जाते आणि अपमान गिळून पडवीच्या कडेला बसते. ती भाषण करत नाही. पुरुषांचं बोलणं रंगात येतं, कुणीतरी घसा खाकरून "आमी हुंडा घेत न्हाई" म्हणतो, आणि मुलीचा बाप तोंड उघडणार तेवढ्यात ती हात वर करते.

"थांबा," ती म्हणते. "आधी पोरीच्या आईला भाईर बोलवा."