दुसऱ्या प्रकरणातला पाहुणा

मी एक जुना सिद्धांत आहे. हसू नका, मित्रांनो! सिद्धांतालाही जीव असतो. एका प्राध्यापकांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांची देवघेव वर्षानुवर्षे न्याहाळून मला घडवले. माझे म्हणणे साधे आहे: ज्याला सतत मदत मिळते, पण परतफेड करू दिली जात नाही, तो मदत करणाऱ्यालाच टाळू लागतो.

सुरुवातीला माझा केवढा उदोउदो झाला! पुढे मात्र प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात मला मानाने बसवायचे आणि तिसऱ्यापासून ओळखही दाखवायची नाही, अशी रीतच पडली. फार वाईट वाटायचे हो.

एका विद्यार्थिनीनेही तेच केले. बायकांच्या मोफत शिवणवर्गात पटावर नावे भरपूर, येणारी मात्र एखाददुसरी. असे का, ते तिला शोधायचे होते. वर्ग ठेवायचा की बंद करायचा, हे तिच्या अभ्यासावर ठरणार होते. तिने मला दुसऱ्या प्रकरणात बसवले आणि शेवटी लिहून मोकळी झाली, 'बायकांना शिकण्याची आवड नाही.'

तिच्या मार्गदर्शक मॅडमनी कागद परत केले. "अगं, हा सिद्धांत काय शोभेला ठेवलायस? त्याला घेऊन त्या बायकांकडे जा की!"

"जाऊन काय विचारू, मॅडम?"

"तो परतफेडीचं बोलतो ना? मग तिथं बायकांना काही देऊ देतात का, ते विचार."

ती घरोघर फिरली. एक काकू फणकारल्या, "फुकट शिकायचं म्हणून किती मिंधं राहायचं? शिकवणाऱ्या बाई आमच्या हातचा चहासुद्धा घेत नाहीत. खोली झाडून देते म्हटलं, तर म्हणाल्या, राहू दे!" पुढच्या घरीही तेच गाऱ्हाणे. मी तर हुरळूनच गेलो!

मग एक आजी भेटल्या. "मला त्या वर्गाचा जिना चढवत नाही गं. गुडघे धरतात."

पोरगी तिथेही मला कोंबायला निघाली. मी अगदी ओशाळलो. पण ती थांबली, विचारात पडली आणि तिने लिहिले, 'येथे हा सिद्धांत लागू पडत नाही.'

वर्ग वाचला. तो आता तळमजल्यावर भरतो. बायका आळीपाळीने खोली झाडतात आणि शिकवणाऱ्या बाई मुकाट्याने चहा पितात.

मित्रांनो, मला हार नकोत, काम द्या. माझे गोडवे पुष्कळांनी गायले. पण 'इथे तुझे काम नाही' असे तोंडावर सांगण्याइतके आपले मला त्या पोरीनेच मानले.