मुहूर्त दुपारी दोन सतरा

मयुरीच्या लग्नाला चौदा महिने झाले होते आणि भारत सरकारला त्याची खबर नव्हती. जॉर्जियाच्या सरकारला होती. त्यांनी रीतसर दाखला दिला होता, शिक्क्यासकट. पण त्यावरची लिपी अशी, की पिंपळनेरच्या दवाखान्यातल्या लताबाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "म्याडम, ह्या तं बठ्ठ्या जिलब्या शेतस."

मयुरी पिंपळनेरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर, तर नवरा कुंदन पाचोऱ्याकडच्या एका खेड्यात डॉक्टर. जॉर्जियात तिबिलिसीला दोघं सहा वर्षं एकत्र शिकली, एकदा एकत्र नापासही झाली, आणि लग्न झाल्यावर मात्र दोन जिल्ह्यांच्या दोन टोकांना जाऊन पडली. रविवारी आपापल्या एसटीने धुळ्याच्या बसस्थानकावर यायचं, चार तास संसार करायचा आणि संध्याकाळी आपापल्या गाडीने परत जायचं. एकदा चौकशी खिडकीवरच्या माणसाने कुंदनला बाजूला घेऊन विचारलं, घरी माहीत आहे का म्हणून. कुंदन धुळ्याचा, आणि खोटं त्याला जमत नाही. तो म्हणाला, "अर्धा घरले माहीत शे."

नवरा-बायकोला एका ठिकाणी नेमायचे अर्ज एकतीस मेपर्यंत घेणार होते. अर्जासोबत इथल्या कार्यालयाचा विवाह नोंदणीचा दाखला हवा होता. जिलब्या चालणार नव्हत्या. दाखला नाही मिळाला तर आणखी दोन वर्षं बसस्थानक.

आता उरलेलं अर्धं घर. ते म्हणजे मयुरीचे वडील, पितांबर आबा. सावद्याजवळ त्यांची केळीची बाग, आणि गावात कोणाचंही लग्न ठरवायचं तर आधी आबांना विचारायची पद्धत. स्वतःच्या पोरीने मात्र लग्नाच्या आदल्या दिवशी मेसेज टाकला होता: 'उद्या माझं लग्न आहे. नाही म्हणू नका, म्हटलंत तरी होणार आहे.' यातलं दुसरं वाक्य लिहिलं नसतं तर बरं झालं असतं, असं मयुरीला पुढे रोज वाटलं.

लग्नाच्या दिवशी तिने आबांना व्हिडिओ कॉल लावला. कॉल उचलला गेला, पण पडदा काळाच राहिला. "आबा, दिसतंय का?" तिने तीनदा विचारलं. उत्तर नाही. तेवढ्यात आतून नाव पुकारलं, म्हणून तिने फोन तसाच खिडकीत उभा केला आणि गेली. परत येऊन बघते तर बॅटरी संपलेली. आपल्याशी बोलायचं नाही हे कळवण्यापुरताच आबांनी फोन उचलला, असं तिने धरून चाललं.

तेव्हापासून आबा तिच्याशी आईमार्फत बोलत. ती सुट्टीत घरी आली, समोरासमोर पाटावर बसली, तरी आबा तिच्या आईकडे, बेबाबाईंकडे बघून म्हणत, "तिले इचार वं, अजून भाकर घेती का." बेबाबाई विचारत. मयुरी नको म्हणे. बेबाबाई तेही पोचवत. चौदा महिन्यांत त्या माउलीला एकदाही गरम भाकर मिळाली नाही.

तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात बन्सीलाल भाऊसाहेब बसत. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांच्या नमुन्यात रकाना नसलेली गोष्ट जगात घडते, यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"लग्नपत्रिका?"

"छापली नव्हती," मयुरी म्हणाली.

"मग लोकांना कळलं कसं?"

"कळवलं नव्हतं."

भाऊसाहेबांनी तिच्याकडे जरा काळजीने पाहिलं. "पुरोहित?"

"तिथे सरकारी अधिकारी लग्न लावतात. नीनो नावाच्या बाई होत्या."

भाऊसाहेबांनी पुरोहिताच्या रकान्यात 'श्रीमती नीनो' असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि पिनकोड विचारला.

मग त्यांनी कागदावर यादीच करून दिली. लग्नाचा फोटो. पत्रिका, नसेल तर आता छापा, तारीख खरी टाका म्हणजे झालं. आणि लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार. दिपमाला आणि समाधान हे दोघे वर्गमित्र तेव्हा तिथे होते, ते नाशिकहून येणार होते. तिसरी साक्षीदार होती तिबिलिसीची घरमालकीण. तिला आता घराचा जिनासुद्धा उतरवत नव्हता, ती जळगाव जिल्ह्यात कुठून येणार?

पत्रिकेचं मयुरी स्वतःच उरकणार होती. पण बेबाबाईंनी ते घरात सांगितलं आणि आबा ताडकन उठून बसले. "पत्रिका छापणं पोरीचं काम नव्हे. कोणाचं नाव कोणाच्या वर, तिले काय समजते? तिले सांग, मी पाह्यतो."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांच्याकडे पत्रिकेत मामाचं नाव एक ओळ खाली गेलं म्हणून दोन घरं सात वर्षं एकमेकांच्या दारात गेलेली नाहीत. आबा सावद्याच्या नूर महंमदच्या छापखान्यात चार दिवस जाऊन बसले. नूर महंमदने त्या भागातल्या तीन पिढ्यांच्या पत्रिका छापल्या होत्या. शंभरच्या खाली तो छापत नसे आणि मुहूर्ताशिवाय तर अजिबातच नाही.

पत्रिका आली. वर गणपती, खाली अडुसष्ट नावं. धुळ्याकडचे कुंदनचे काका-मामासुद्धा बिनचूक क्रमाने. ही नावं आबांना कोणी दिली हे कोणी सांगेना. विवाहस्थळ: सार्वजनिक सेवा भवन, तिबिलिसी. त्याखाली नेहमीची ओळ, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं', आणि जेवणाची वेळ, सकाळी अकरापासून आपल्या आगमनापर्यंत. मयुरीने नावं वाचली, जेवण वाचलं आणि हसून हसून डोळे पुसले. मुहूर्त तिने वाचला नाही. मुहूर्त कोण वाचतं?

त्या हसण्याच्या बळावर तिने आईला मध्ये घातलं. तिसरे साक्षीदार आबा होतील का?

आबांनी पत्रिकांचा गठ्ठा पिशवीत भरला. मग म्हणाले, "तिले सांग, मी खोटी सही करत नही."

मयुरी आत जाऊन रडली. साक्षीदारापेक्षा तिला आबा हवे होते, आणि हे आईमार्फत सांगता येण्यासारखं नव्हतं. शेवटी चुलतभाऊ नवीनला तयार केलं. नवीन भुसावळच्या पलीकडे कधी गेला नव्हता, पण सही करायला त्याची हरकत नव्हती.

एकोणतीस तारखेला सगळे कार्यालयात हजर झाले. आबाही आले. का, तर पत्रिकांची पिशवी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही म्हणून. भिंतीशी बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. कुंदनने वाकून विचारलं, "आबा, चहा लेतस का?" आबांनी सवयीने बेबाबाईंना शोधलं. त्या आल्या नव्हत्या, म्हणून चहाचं तसंच राहिलं.

दिपमालाची सही झाली, समाधानची झाली. भाऊसाहेबांनी नवीनकडे चष्म्यावरून पाहिलं.

"आपण लग्नाला होता?"

"हो."

"कसं झालं लग्न?"

"चांगलं झालं. गर्दी लय होती," नवीन म्हणाला.

भाऊसाहेबांनी फोटो उचलला. फोटोत पाच माणसं होती. मग त्यांनी भिंग काढलं आणि फोटोशेजारी पत्रिका ठेवली.

"हा सही करतानाचा फोटो ना? मागे भिंतीवर घड्याळ आहे. बारा सत्तेचाळीस. आणि पत्रिकेत मुहूर्त दुपारी दोन वाजून सतरा मिनिटं. मग लग्न लागलं कधी? हे जुळल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही."

नवीनने आढ्याकडे पाहिलं. कुंदन धीर देत पुटपुटला, "व्हई जाई बठ्ठं," पण त्याचाही चेहरा उतरला होता.

मयुरी पत्रिका वाचत होती. दोन सतरा. तिबिलिसीचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे चालतं. सहा वर्षं घरी फोन करताना तिने हा हिशेब रोज केला होता. बारा सत्तेचाळीस आणि दीड तास. ही वेळ तिने कोणालाच सांगितली नव्हती. जिलब्यांच्या दाखल्यातही फक्त तारीख होती.

बाकावरून आबा उठले.

"भाऊसाहेब, दोन्ही बरोबर हायेत. तिकडे बारा सत्तेचाळीस, आपल्याकडे दोन सतरा. सही झाली तवा मी माह्या हातातलं घड्याळ पाह्यलं."

"आपण कोण?"

"पोरीचा बाप."

"आपण होता तिथे?"

"फोनवर होतो. बागात केळीची कापणी चालू होती. कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला होता मी. तिनं फोन खिडकीत ठेवला, तिथून सगळं दिसे. पहिला पेन चालला नही, त्या बाईनं दुसरा दिला. सही झाली अन् पोरीनं खिडकीकडे पाह्यलं. म्हटलं आता येती, आता बोलतो. तं फोनच बंद पडला."

"मग तेव्हाच का नाही बोललात?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"बोललो असतो तं रडू आलं असतं. मजूर बठ्ठे तिथीच उभे होते."

भाऊसाहेबांनी नमुना जवळ ओढला आणि तो रकाना दोनदा वाचला. मग म्हणाले, "विवाहास हजर होता काय, एवढंच विचारलंय. कुठून, ते विचारलेलं नाही. या पुढे."

नवीन अगदी आनंदाने बाजूला झाला.

आबांनी पिशवी कुंदनच्या हातात दिली. खिशातून चष्मा काढला, टेबलापाशी आले, पेन घेतला. आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा थेट तिच्याकडे बघून म्हणाले, "मयुरे, कुठी करू सही?"

मयुरीने बोट ठेवलं. डोळ्यांत इतकं पाणी होतं की ते बोट श्रीमती नीनोंच्या रकान्यावर पडलं. भाऊसाहेबांनी ते दोन ओळी खाली सरकवलं.

"रडू नको माय, नीट दाखव," आबा म्हणाले. "घाई कशाची? मुहूर्त तं होऊन गेला."