किल्लीला काय ठाऊक होतं

"फिरली! फिरली!"

रेल्वे क्वार्टर्सच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध खुर्चीवर आमचा ड्रायव्हर. त्याच्या चिमटीत दोरा, दोऱ्याला घराची किल्ली. महाराज चार हात लांब, हात पाठीमागे बांधून उभे.

"पाहा, माझा स्पर्शही नाही! आत्मा 'हो' म्हणाला तर किल्ली गोल फिरेल, 'नाही' म्हणाला तर सरळ झुलेल. माते, याच्याच हातून तुझा प्राण गेला ना?"

किल्ली गरागरा फिरली. लोकांचे हात आपोआप जोडले गेले.

मी त्याच्याच रेल्वेगाडीचा गार्ड. गेल्या महिन्यात एक बाई रुळावर आली. ड्रायव्हरने ब्रेक मारला, पण गाडी थांबली ती तिच्यावरून गेल्यावरच. खाली उतरून तिच्याजवळ मी गेलो. तो इंजिनातल्या जागेवरून उठूच शकला नाही, मग त्याला घरी पाठवलं. आमच्यात या विषयावर कुणी बोलत नाही. चहा पाजायचा, पाठीवर थाप मारायची, विषय बदलायचा. बोलायला आले ते हे महाराज, तेही बोलावल्याशिवाय.

"आत्मा म्हणतो," महाराजांनी डोळे मिटले, "यानं एकट्यानं त्याच जागी जावं आणि रुळावर उभं राहून क्षमा मागावी."

"जातो," ड्रायव्हर म्हणाला, अगदी शांतपणे. हा गेला तर परत येणार नाही, हे कळायला आत्म्याची गरज नव्हती.

माझ्या शेजारी त्याची मेव्हणी उभी होती, ती शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या बहिणीने, म्हणजे ड्रायव्हरच्या बायकोने, तिच्या कानाशी लागून सांगितलं, "झोपेत ओरडतात गं. 'मूल, मूल' करतात."

मेव्हणीने हळूच मला विचारलं, "काका, त्या बाईजवळ मूल होतं?"

"छे! कपड्यांचं गाठोडं. मीच उचललं."

ती पुढे झाली. "महाराज, एक प्रश्न मी विचारू?"

"विचार, बेटी. आत्म्यापुढे असत्य टिकत नाही!"

"बाई, तुमच्या कडेवर मूल होतं का?"

ड्रायव्हरचा चेहरा पांढराफटक पडला. किल्ली अशी फिरली की दोरा तुटतो की काय.

"गार्डकाका, आता मोठ्याने सांगा."

"मूल नव्हतं!" मी ओरडलोच. "गाठोडं होतं रे, गाठोडं!"

"महाराज, आपल्या कडेवर काय होतं ते त्या बाईलाच ठाऊक नाही होय?"

"आत्मे... कधी कधी भ्रमिष्ट होतात."

"अहो, मघाशी तर असत्य टिकत नव्हतं!" मागून कुणीतरी म्हणालं.

मेव्हणीने दोरा माझ्या चिमटीत दिला. "हात हलवू नका. मनात फक्त 'गोल, गोल' म्हणा." शपथेवर सांगतो, मी हात हलवला नाही आणि किल्ली फिरायला लागली. मग तिने माझे डोळे बांधले, तर किल्ली भरकटली, असं सगळे म्हणाले.

"काका, हात हललाच, पण तुम्हालाही कळू नये इतका. मनातलं बोटांत उतरतं आणि लांब दोरा ते मोठं करून दाखवतो." ती ड्रायव्हरकडे वळली. "भाऊजी, ती बाई बोलत नव्हती. तुम्हीच स्वतःला शिक्षा सुनावत होतात."

महाराजांनी केव्हाच काढता पाय घेतला होता.

"मूल नव्हतं?" ड्रायव्हरने मला विचारलं.

"नव्हतं."

"बाई होती ना पण."

"होती. आणि ती दिसताक्षणी तू ब्रेक मारलास. एवढी जड गाडी जागच्या जागी थांबत नाही, हे तुला मी सांगायचं?"

तो हमसून हमसून रडला. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं. औषध आणि रजा मिळाली, पण झोप अजून धड लागत नाही. हे दुखणं किल्लीने जात नाही, तसं एका दिवसातही जात नाही.

तुमच्या घरात कुणी असा गप्प झाला असेल, तर त्याच्या हातात दोरा देऊ नका. शेजारी बसा आणि विचारा, "तुला काय दिसलं?" आम्ही महिनाभर एवढं विचारलं नाही, म्हणून तो तिथे नसलेल्या मुलाला रोज मारत होता.