बर्फाची अट

पनवेलच्या मासळी बाजाराला लागून कोमलचं फॉर्म भरायचं दुकान आहे. दोन गिऱ्हाईकं आत आली की तिसऱ्याने पायरीवरच थांबायचं. एरवी तिथे गर्दी असे. त्या दिवशी मात्र काळं कुत्रं फिरकलं नव्हतं.

नव्या मंडईतल्या ओट्यांसाठी ऑनलाइन अर्ज भरायची मुदत त्या संध्याकाळी सहाला संपणार होती. आणि वेबसाईट म्हणत होती, अमुक कंपनीचाच ब्राउझर हवा, तोही अगदी ताजा. तो कोमलच्या कॉम्प्युटरवर चढेना, कारण आतली चिप जुनी आणि कंपनीने जुन्या चिपांशी कट्टी घेतलेली. कॉम्प्युटर धडधाकट होता हो, पण विचारतो कोण!

नवी मशीनं अख्ख्या बाजारात एकट्या उदयसिंहाकडे. हा मूळचा बर्फाचा व्यापारी. शेजारी डिजिटल सेंटर थाटून बसला होता. फॉर्म तो फुकट भरून देत होता. फक्त आधी एका कागदावर सही करायची, की ओटा मिळाल्यावर पाच वर्षं बर्फ त्याच्याच कारखान्याचा घेईन. असल्या फुकटाइतकं महाग जगात दुसरं काही नसतं.

दुपारी एकच्या सुमाराला भामामावशी तणतणत कोमलकडे आली. तीस वर्षं मासळी विकणारी बाई. कागद दुसऱ्याकडून वाचून घेऊन, सही न करता उठून आली होती. अर्ज राहिला तर ओटा गेला, आणि ओटा गेला तर साठीत उन्हात रस्त्यावर पाटी घेऊन बसायचं. म्हणून कोमलने तिला समजावलं, की बर्फाचं पुढे बघू, आधी सही करून मोकळ्या व्हा.

मावशी स्टुलावर बसली आणि तिने जुनी गोष्ट काढली. एके काळी बाजारात बर्फ एकट्या उदयसिंहाच्या बापाचा होता. लादी यायची ती अर्धी वितळून, आणि तक्रार केली की दुसऱ्या दिवशी लादीच नाही. एकदा पाटीभर बांगडे तिने रडत खाडीत ओतले होते. मग जासईहून जगन टेम्पोभर बर्फ घेऊन येऊ लागला, आणि चार दिवसांत बापाच्या लाद्याही पुऱ्या भरल्या.

"ओटा पायजे गं पोरी," मावशी म्हणाली, "पन जगनला उठवून नको. तो उठला की आमी पन उठलो."

कोमलला स्वतःचीच लाज वाटली. दोन दिवस ती येणाऱ्या प्रत्येकीला 'इथे होणार नाही' म्हणून वाटेला लावत होती. पडद्यावरची पाटी तिने वेदवाक्य मानली होती, तपासून एकदाही पाहिली नव्हती. तिने दुसरा, फुकट मिळणारा ब्राउझर उघडला. पाटी पुन्हा आली, पण पान उघडायच्या आधीच आली. म्हणजे चालतंय की नाही हे कुणी बघतच नव्हतं. दारात फक्त ब्राउझरचं नाव विचारलं जात होतं. कोमलने सेटिंगमध्ये जाऊन ब्राउझरने सांगायचं नाव बदललं.

मावशीने डोळे बारीक केले. "खोटं सांगतेस?"

"अर्जात सगळं खरंच लिहायचं, मावशी. फक्त दारावरच्या वॉचमनला त्याला हवं ते नाव सांगायचं."

"मंग सांग. वॉचमननं मला कदी खरं सांगितलंय?"

पान उघडलं. फोटो चढला, परवाना चढला, आणि दोनच्या ठोक्याला पोचपावती छापून बाहेर आली. कोमलला इतका आनंद झाला की तिने मावशीला मिठीच मारली, मासळीच्या वासासकट.

मावशी ती पावती घेऊन सरळ डिजिटल सेंटरच्या दारात जाऊन उभी राहिली. बोलली ती थोडंच. पावती मात्र सगळ्यांना दाखवली. अर्ध्या तासात कोमलचं दुकान ओसंडून वाहू लागलं. उदयसिंहाकडे सह्या करून फॉर्मसाठी रांगेत थांबलेल्या बायका कागद परत मागायला लागल्या, तेव्हा उदयसिंहाने करार तो करार म्हणून आवाज चढवला.

"फॉर्म तू भरलास काय त्यांचा?" मावशीने विचारलं. "नाय ना? मंग कागद दे."

तिच्यामागे तीस बायका उभ्या होत्या. उदयसिंहाने त्यांच्याकडे पाहिलं आणि एकेक कागद मोजून परत दिला.

सहाला पाच मिनिटं असताना कोमलने चौतिसावा अर्ज पाठवला. बोटं वळत नव्हती, पण पाठ ताठ होती. दुसऱ्या दिवशी तिने ब्राउझरची अट काढा असं चौतीस जणींच्या सह्यांचं पत्र महापालिकेच्या कार्यालयात नेऊन दिलं, आणि पंधरवड्यात वेबसाईटवरची ती अट निघाली. आता हवा तो ब्राउझर चालतो.

नव्या मंडईच्या पहिल्या सकाळी मावशीच्या ओट्यावर पापलेटं मांडलेली होती. जगन बर्फ टाकून नुकताच पुढे गेला होता. तेवढ्यात उदयसिंह स्वतः आला, कधी नव्हे तो हात जोडून, आणि उद्यापासून किती लाद्या पाठवू म्हणून विचारू लागला. ओट्यावर पाणी मारत मावशीने वर न बघताच उत्तर दिलं.

"आदी भाव सांग. जगनचा माज्याकडं हाय."