पुस्तिका कपाटात होती

नॅनो-विज्ञानाच्या प्रयोगांची पेटी वर्गात आली आणि तिच्यासोबतची पुस्तिका मुख्याध्यापकांच्या कपाटात गेली. या शाळेची रीतच तशी. नवी वस्तू आली की आधी कुलूप. तपासणीला साहेब आले की काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा आत. पेटी कपाटात मावली नाही, म्हणून विज्ञानाच्या बाईंच्या वाट्याला आली, एवढंच.

बाईंनी सकाळी सातवीला नॅनोचा धडा रंगवून सांगितला. केसाचे उभे ऐंशी हजार काप करा, त्यातल्या एकाची जाडी म्हणजे नॅनोमीटर. कण इतके बारीक, की रुमालातूनही आरपार जातील. मग त्यांनी पंख्याखालीच पेटीतल्या पांढऱ्या भुकटीची बाटली उघडली आणि चिमूटभर काचेवर टाकली. ती काचेवर पडलीच नाही, धुरासारखी वर गेली. पोरांनी टाळ्या पिटल्या. पहिल्या बाकावरची बाईंची भाची खोकली.

मधल्या सुट्टीत बाईंनी हट्टाने कपाटाची किल्ली मागून घेतली. पुस्तिकेच्या दुसऱ्याच पानावर लाल चौकट होती: भुकटी कोरडी उघडू नये, पाण्यात कालवूनच वर्गात न्यावी, श्वासावाटे छातीत जाते.

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. रुमालातूनही आरपार, असं आपणच शिकवलं की.

मुख्याध्यापक चहा पीत होते. पालकांना कळवायला हवं, असं बाईंनी त्यांना सांगितलं. उद्या तपासणी आहे, पालकांत बोभाटा झाला तर शाळेचं नाक कापलं जाईल, आणि होती तरी केवढी, चिमूटभर, असं त्यांचं म्हणणं. वर हसले.

"अहो बाई, जे दिसतसुद्धा नाही त्याला घाबरायचं कसलं?"

जन्मभर कुलपालाच शहाणपण समजलेला माणूस, दुसरं काय बोलणार.

दारात भाची उभी होती. शाळेत 'बाई' म्हणायची सक्त ताकीद होती तिला.

"मावशी, घसा खवखवतोय."

खडूनेही खवखवत असेल. थंड पाण्यानेही. की त्या भुकटीनेच, बाईंना सांगता येईना.

त्यांनी एकतीसच्या एकतीस पोरांना मैदानात आणून बसवलं, हजेरीपट उघडला आणि पहिला फोन बहिणीला लावला.

"ताई, माझ्या हातून चूक झालीय. पोरीला डॉक्टरकडे न्यायचंय. पुस्तिका घेऊन मीही येते."

ताई म्हणाली, "छातीत किती गेलं गं?"

"दिसलं नाही, ताई."

हजेरीपटावर अजून तीस नावं होती. बाईंनी दुसरा नंबर लावला.