दादाच्या छातीवर वस्तरा

"दाबू नका! दाबू नका म्हणते ना!" सिस्टर ओरडल्या आणि माझा वस्तरा जागीच थबकला.

पलंगावर दादा होता, माझा थोरला भाऊ. परवा दुकानाची पाटी लावताना शिडीवरून पडला. बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला छिद्र पडलं. छातीत नळी घातली, तरी हवा कातडीखाली पसरतच राहिली. मान कुठं संपते नि तोंड कुठं सुरू होतं, कळेना. डोळे सुजून मिटलेले. मला तर त्याच्याकडे बघवत नव्हतं.

सकाळी दाराबाहेर डॉक्टर म्हणाले होते, "गळ्याच्या हाडाखाली दोन चिरा देऊ. त्यात स्पंज, वरून चिकटपट्टी आणि पंप. पंप हवा ओढून काढेल. पण पट्टी घट्ट बसली पाहिजे, नाहीतर सगळं फुकट."

आणि दादाची छाती म्हणजे रान! सिस्टरांचं मशीन केसांत अडकून बंद पडलं. "मी न्हावीच आहे हो, मी करतो," असं मीच म्हणालो. नडला माझा शहाणपणा.

वस्तरा टेकवण्याआधी डाव्या अंगठ्यानं कातडी ताणायची, ही हाताची सवय. ताणली. अंगठ्याखाली साबणाचा फेस फुटावा तसं चुरचुरलं आणि हवा सरकली ती थेट गळ्याकडे. दादा घुसमटला. मारलं मी भावाला, एवढंच डोक्यात.

सिस्टरांनी उशी उंच केली, ऑक्सिजन वाढवला. घरघर हळूहळू कमी झाली.

"कातडी आधीच ताणलेली आहे. अंगठा लांब ठेवा. जमेल ना?"

मी मान हलवली. डावा हात पाठीमागे धरला आणि एकाच हातानं, वरून खाली, सुरू केलं. दादा दगडासारखा पडून. बरं झालं, म्हटलं, मी आहे हे त्याला कळत नाहीये.

पट्टी बसली. पंप एकदा किंचाळला, पण सिस्टरांनी पट्टीची सुटलेली कड दाबली आणि तो चालू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाचा उजवा डोळा फटीएवढा उघडला.

"सिस्टरांनी छाती काय गुळगुळीत केलीय बघ," मी उगाच म्हणालो.

"खोटारड्या! तुझा हात ओळखत नाही होय मी?" आवाज अजून चिरका होता. "मीच शिकवलाय."

"मग बोलला का नाहीस? तुझा जीव चालला होता, दादा!"

त्यानं श्वास जमवला. "बोललो असतो तर हललो असतो रे. तू आधीच घाबरलेला."

"आणि तू?"

त्यानं मूठ उघडून दाखवली. तळव्यात चार नखं रुतल्याच्या खुणा होत्या, त्यांतलं रक्त वाळून काळं पडलेलं.