मागच्या गादीवर

"आबा, जन्मभर लोकांना फिरवलंत, आज साहेबासारखे मागे बसा!" मुलाने म्हाताऱ्याला दंडाला धरून बग्गीत चढवलं. सूनबाई मोबाइल सरसावून समोर बसली. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून आबांची घोडागाडी सुटली होती, ते घरातच होते. वाढदिवसाची ही भेट म्हणे. पोरगं एवढ्या हौसेने करतंय, तर नाही कसं म्हणायचं?

बग्गी चौकातून निघाली आणि आबांची नजर घोडीवर गेली. डोक्यावर गुलाबी तुरा, खुरांना सोनेरी रंग, गळ्यात खोटे मोती. नटवून नटवून पार सोंग करून ठेवलं होतं बिचारीचं! पण वर्षानुवर्षं ज्या पाठीकडे बघत संसार केला, ती पाठ काय तुऱ्याने लपते? पुठ्ठ्यावरचा तो पांढरा भोवरा, ते जरासं तिरकं पडणारं मागचं पाऊल. ठमी! आबांचीच घोडी!

ठमीला तर शहराबाहेरच्या कुरणात सोडली होती ना? मुलगा स्वतः घेऊन गेला होता. "आता काय, नुसतं चरायचं आणि लोळायचं," असं त्यानेच येऊन सांगितलं होतं. आबांनी ते खरं मानून अख्ख्या गल्लीला कौतुकाने ऐकवलं होतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो बायकोला फोटो कसा काढायचा ते शिकवत होता. त्याने घोडी ओळखलीसुद्धा नव्हती. कॉलेज झालं तिच्या जिवावर, पण मेल्याने कधी तिच्याकडे धड बघितलं असेल तर शपथ!

"ठमे..." आबांच्या तोंडून निघून गेलं.

घोडी जागच्या जागी थांबली. आबांची रीतच तशी होती. गाडी चालताना ते अवाक्षर काढत नसत, सगळं लगामावर. ते बोलले म्हणजे थांबायचं, मग पाठीवर थाप आणि साखरेचा खडा. कान मागे करून ती थापेची वाट बघत राहिली. गाडीवाल्याने सपकन चाबूक ओढला.

"अहो, मारू नका तिला!" आबा ओरडले.

चालू लागलेली ठमी पुन्हा थांबली. पुन्हा चाबूक, या वेळी दोनदा.

"अशी अडत नाही हो कधी," गाडीवाला वैतागला. "आज काय खूळ शिरलंय हिच्या डोक्यात, देव जाणे."

आबांना कळायचं ते कळलं. त्यांनी रुमाल काढून तोंडावर गच्च दाबून धरला. तळ्याला वळसा घालून बग्गी परत येईपर्यंत त्यांनी हुंदकासुद्धा बाहेर येऊ दिला नाही.

उतरल्यावर मुलाने विचारलं, "मजा आली ना, आबा? अहो, बोला की काहीतरी!"

बग्गीत नवी गिऱ्हाइकं बसली होती आणि गाडीवाल्याने लगाम उचलला होता. आबांनी नुसती मान हलवली. टापांचा आवाज पार विरल्यावर त्यांनी तोंड उघडलं.

"ठमी होती ती."

मुलगा गोरामोरा झाला. मग सावरून हसला.

"बघा, म्हणजे अजून जिवंत आहे की!"